पंप… पंप… होल्ड!

(दृश्य: उपनगरातली गल्ली, एप्रिलची सकाळ. एका गॅरेजचा दरवाजा अर्धा वर. खालून दोन बूट दिसतात.)

मिशिगनमध्ये बर्फ वितळला की आमच्या गल्लीत दोन आवाज सुरू होतात. एक गवत कापायच्या यंत्राचा. दुसरा या गॅरेजमधला: लोखंडावर हातोडी, मग शांतता, मग एक शिवी.

आत उभी आहे 1966 ची फोर्ड मस्टँग. पोस्टरवर असते ती नव्हे. तिच्यात व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असतं. हिच्यात सहा सिलिंडरचं 200 घनइंची इंजिन आहे, म्हणजे साधारण 3.3 लिटर. ताकद, कंपनीच्या कागदावर, 120 हॉर्सपॉवर. मालक आमचे शेजारी. निवृत्त आहेत, आणि गाडीशी बोलतात.

(दृश्य: बॉनेट उघडं. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेली अक्षरं, त्यांवर एक काळवंडलेलं बोट.)

हे गाडीचं टिपण. 6 म्हणजे 1966. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. 07 म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छपराची गाडी. टी म्हणजे हेच सहा सिलिंडरचं इंजिन. डिअरबॉर्न इथून अर्ध्या तासावर. गाडी सध्या माहेरीच आहे म्हणायची.

17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली. किंमत 2,368 डॉलरपासून. मार्च 1966 पर्यंत दहा लाख गाड्या बनून बाहेर पडल्या. झगमगीत कपड्यांच्या आत होती फोर्डचीच फाल्कन, साधी संसारी गाडी. त्या साधेपणामुळेच आज ती घरी उघडता येते. जॅक, चार स्टँड, पान्यांचा सेट, आणि पाठीला सवय. सुट्या भागांची तर चंगळच आहे. 2011 मध्ये फोर्डच्या परवान्याने कन्व्हर्टिबलचा, म्हणजे छप्पर उघडणाऱ्या मस्टँगचा, अख्खा नवा सांगाडासुद्धा विकायला आला.

(दृश्य: भिंतीवरच्या फळीवर न उघडलेलं खोकं.)

त्या खोक्यात मोठा, दोन तोंडांचा कार्बोरेटर आहे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. तो अजून खोक्यातच का, ते पुढे येईल. आधी ब्रेक.

(दृश्य: जुना मास्टर सिलिंडर, तळहातावर.)

हा मूळचा मास्टर सिलिंडर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो. ब्रेक ऑइलची टाकी एकच. चारही चाकांचे पाइप त्याच ऑइलवर जगणार. एक पाइप कुठे गंजून फुटला की पेडल खालपर्यंत जातं आणि चारही ब्रेक एकदम गेलेले असतात. दोन स्वतंत्र भागांची व्यवस्था मस्टँगला 1967 पासून मिळाली. म्हणजे ही गाडी एका वर्षाने हुकली. तेव्हा पहिली सुधारणा हीच, आणि बाहेरून कुणाला दिसणारही नाही. इंजिन आधी बदलून ब्रेक तसेच ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारच्या सीटवर मला बसवू नका.

दुसरी सुधारणा, पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क. ड्रममध्ये पट्टे आतून डब्याला घासतात, डिस्कमध्ये तबकडी दोन बाजूंनी चिमटली जाते. इथे सहा सिलिंडरवाल्यांची खरी अडचण. व्ही-8 च्या चाकाला पाच नट, यांच्या चाकाला चारच. पाच नटांचं पुढचं सामान घातलं तर मागचा ॲक्सलही बदलायला हवा, नाहीतर एकाच गाडीला दोन जातींची चाकं आणि डिकीत दोन स्टेपन्या. शेजाऱ्यांनी बराच विचार करून चार नटांचा संच घेतला.

एवढ्याने भागत नाही. ड्रमला कमी दाब पुरतो, कारण चाक फिरताना त्याचा पट्टा स्वतःच आत ओढला जातो. डिस्कला जास्त दाब लागतो. दोन्हीकडे सारखाच दाब गेला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते. म्हणून मागच्या पाइपवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. हा एवढासा पितळी तुकडा.

(दृश्य: कॅमेरा गाडीच्या आत. ब्रेक पेडलवर एक चप्पल.)

ही चप्पल माझी. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि त्या दिवशी दुसरं माणूस मीच होतो. मालक मागच्या उजव्या चाकाखाली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. चाकामागे हवा सोडायचं छोटं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, नळीचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये.

“पंप… पंप… होल्ड!”

मी दाबून धरतो. निपल उघडतं, पेडल पायाखालून खचतं, बरणीत बुडबुडे. निपल बंद झाल्याचं ते सांगतील तेव्हाच पाय उचलायचा. तिसऱ्या वेळी गल्लीतून आइस्क्रीमची गाडी गेली आणि मी पाय उचलला. नळीतली हवा उलट आत. खालून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक सुस्कारा, आणि पुन्हा पहिल्यापासून: “पंप…”

दीड तासाने पेडल वरच थांबलं. दगडासारखं.

(दृश्य: पुन्हा ते खोकं.)

आता कार्बोरेटर. या इंजिनात हवा आत नेणारा मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडबरोबरच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाबरोबरच, ओतलेला आहे. मोठा कार्बोरेटर बसवायला मध्ये ॲडॅप्टर हवा. ते एक वेळ जमतं. खरी गोम डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणाऱ्या भागात. वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत ते काम फिरती वजनं करतात. याच्यात वजनंच नाहीत. तो सगळं फक्त कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवरून ठरवतो, आणि त्यासाठी मूळ कार्बोरेटरला एक खास व्हॉल्व्ह आहे. नव्यात तो नाही. म्हणजे मोठा कार्बोरेटर लावा, आणि गाडी आधीपेक्षा मंद करून घ्या! डिस्ट्रिब्युटरही बदलला तरच त्या खोक्याला अर्थ. पैसे साठेपर्यंत ते फळीवर.

तोवर जुने पॉइंटच, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क. फिलर गेजची पात घालून 0.025 इंचाची फट लावायची. मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर पद्मिनीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासणारे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथे काही नवं वाटणार नाही. पॉइंटऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं, पण त्याला पूर्ण 12 व्होल्ट हवेत. आणि डॅशबोर्डमागून कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडे, येणारी ती गुलाबी वायर साधी नाही, ती मुद्दाम व्होल्टेज पाडणारी रेझिस्टन्स वायर आहे. हे ठाऊक नसलं की माणूस चांगलं मॉड्यूल खराब म्हणून परत पाठवतो.

(दृश्य: गाडी रस्त्यावर. कोपऱ्यावरचा स्टॉप साइन. गाडी सरळ थांबते.)

थांबली. कुठेही न ओढता. शेजाऱ्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मला दाखवले.

(दृश्य: अंगणात गाडी धुतायत. काचेखालच्या जाळीवर पाण्याचा पाइप. मी आत बसलेलो, हातात टॉर्च.)

काचेच्या खाली, जाळीच्या आत, हवेसाठी पत्र्याची पोकळी आहे. तिथे पानं साचतात, ओल धरते, पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग कितीही चकचकीत असो. तपासायचं कसं? असंच. बाहेर पाणी, आत टॉर्च.

(आवाज: थेंब. पुन्हा थेंब.)

पहिला माझ्या चपलेवर पडला. मी काच खाली करून सांगितलं. त्यांनी पाइप बंद केला, आत डोकावून पाहिलं, आणि विचारलं, “पुढच्या हिवाळ्यात मोकळा आहेस का?”