तीन फेकी, तीन बाद

श्रोतेहो, नमस्कार. आज आपल्यासमोर अमेरिकेतील बेसबॉलपटू विल्यम हॉय यांची कारकीर्द मांडत आहे. 1862 साली ओहायो राज्यात जन्मलेल्या हॉय यांची श्रवणशक्ती बालपणीच मेंदूज्वराने गेली. कोलंबस येथील कर्णबधिरांच्या शाळेत शिकून त्यांनी पादत्राणांचे दुकान चालवले आणि 1888 मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघातून नॅशनल लीग या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत उतरले. पहिल्याच हंगामात त्यांनी 82 बेस चोरले, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू टोलवण्याची वाट न पाहता धावत जाऊन मैदानावरचा पुढचा टप्पा (बेस) गाठला. त्या वर्षी लीगमध्ये तेवढे इतर कोणालाही जमले नाही.

मात्र मला मनापासून सांगायचे आहे ते 19 जून 1889 च्या सामन्याविषयी. प्रतिस्पर्धी होता इंडियानापोलिसचा संघ. हॉय आउटफिल्डमध्ये, म्हणजे फलंदाजापासून अगदी दूर, उभे होते. अशा जागी उभा असलेला खेळाडू बॅटवर चेंडू आदळल्याच्या आवाजावरून तो किती लांब येणार याचा अंदाज बांधतो, आणि चेंडू कुठे फेकायचा हे त्याला सहकारी ओरडून सांगतात. हॉय यांना हा आवाज नाही आणि ती हाकही नाही. जे काही ठरवायचे, ते डोळ्यांनी आणि स्वतःच. त्या दिवशी धाव पूर्ण करण्यासाठी होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेकडे, धावलेल्या एका खेळाडूला हॉय यांच्या फेकीने बाद केले. नंतर दुसऱ्याला आणि त्यानंतर तिसऱ्यालाही. पुन्हा सांगतो, एकाच सामन्यात, एकाच आउटफिल्डरच्या फेकीवर, होम प्लेटपाशी तीन जण बाद झाले. तिन्ही वेळा चेंडू झेलणारा कॅचर, म्हणजे होम प्लेटमागचा यष्टिरक्षकासारखा खेळाडू, होता कॉनी मॅक, जो पुढे फिलाडेल्फियाच्या संघाचा 50 वर्षे व्यवस्थापक राहिला. आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांतही शतके सर्वांना पाठ असतात, पण सीमारेषेवरून आलेली अचूक फेक कोणी लक्षात ठेवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हॉय 1902 पर्यंत प्रमुख लीगमध्ये खेळले आणि त्यांच्या नावावर 2000 हून अधिक हिट, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठण्याचे यशस्वी फटके, जमा झाले. 1961 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेत, वयाच्या 99 व्या वर्षी, सिनसिनाटीच्या मैदानावर समारंभाचा पहिला चेंडू त्यांनीच फेकला. त्याच डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, मात्र त्यांना अजूनही स्थान मिळालेले नाही, आणि माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय आहे.