केडगावच्या छापखान्यात जुळवलेलं बायबल

[दृश्य: केडगाव स्थानक, मग मुक्ती मिशनचं आवार]

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. निराधार बायका-मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी काढलेलं मुक्ती मिशन ते इथलंच. रमाबाईंचं नाव निघालं की त्यांची शारदा सदन ही शाळा आठवते, विधवांसाठी त्यांनी उपसलेले कष्ट आठवतात, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आठवतात. आज मात्र त्यांच्या एका वेगळ्या कामाकडे, बायबलच्या मराठी भाषांतराकडे, पाहायचं आहे. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही, म्हणजे चर्चमध्येही, त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तर त्यांच्या आयुष्यातलं तेच काम सगळ्यात जास्त भिडतं.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायला घेतलं, तेव्हा भोवतालच्या लोकांना ते खपलं नाही. शास्त्रीबोवांनी गाव सोडलं आणि कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. पुढे त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. दिवसभर घरकाम आणि शिष्यांचा राबता असायचा, म्हणून शिकवायची वेळ पहाटेची. झोपेनं जड झालेल्या पोरीला आई अंथरुणावरून अलगद उचलायची, लाडानं बोलत जागं करायची, आणि श्लोक सुरू व्हायचे. पुस्तक हातात नसायचं. आई म्हणायची, लेक ऐकून म्हणायची. असे हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं मैलोन्‌मैल पायी फिरत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची विद्वत्ता पाहिली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या.

पुढच्या पाच वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली, नवराही गेला. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथं रमाबाईंनी आणि चिमुकल्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

[दृश्य: मत्तय, अध्याय 25, उघडं पान]

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. धनी परदेशी जाताना आपली मालमत्ता चाकरांच्या हाती सोपवतो. दोघं तिच्यावर व्यापार करून ती दुप्पट करतात, एक पाचाचे दहा, दुसरा दोनाचे चार; तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. उपदेशात बहुधा त्या तिसऱ्याचा आळस सांगितला जातो. पण त्याचं स्वतःचं म्हणणं ऐका: मी भ्यालो. आणि आणखी एक गोष्ट, जिच्यावरून आपण भरभर पुढे जातो: पैसा तिघांपैकी कुणाचाच नव्हता, धन्याचा होता. देवानं दिलेल्या देणगीचं काय करायचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो. ती माझी नसेल, तर ती कुणासाठी खर्च करायची हेही मी एकट्यानं ठरवायचं नाही.

रमाबाईंची विद्या मान मिळवून देणारी होती. त्यांना इंग्लंड-अमेरिकेत श्रोते होते, पुस्तकांना वाचक होते. पंडितांच्या सभेत बोलत राहिल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या आणि 1900 च्या सुमारास गुजरातमधल्या उपाशी मुली-बायका केडगावला आल्या, आणि रमाबाईंचा श्रोतृवर्गच बदलला. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मराठी बायबल तोवर होतं. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी नवा करार 1811 सालीच छापला होता आणि पुढे भाषांतरं सुधारतही गेली. पण त्यातली भाषा या बायांच्या तोंडची नव्हती. म्हणून रमाबाईंनी ठरवलं की मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून आपणच साध्या मराठीत बायबल आणायचं. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं, अंगावर शेकडो जणींचा संसार, आणि त्यात या प्राचीन भाषांची व्याकरणं नि कोश.

संस्कृतात वाढलेल्या माणसाला सोपं लिहिणं फार जड जातं. भारदस्त शब्द आपणहून पुढे येतो, तो बाजूला सारावा लागतो. वर्षानुवर्षं, पानामागून पान, रमाबाईंनी तेच केलं. माझ्या मते त्यांचा खरा त्याग तो. आईनं पहाटे उठवून दिलेली विद्या त्यांनी पुरली नाही, मिरवलीही नाही. ज्या बाईला कालपरवा अक्षर कळू लागलं, तिच्या कारणी लावली.

[दृश्य: छपाईच्या खिळ्यांची पेटी, खिळे उचलणारे हात]

आणि हे पुस्तक छापलंही मुक्तीतच. छापखाना बायांनी चालवलेला. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवणं सोपं नसतं. काना-मात्रा निराळ्या, अर्धी अक्षरं निराळी, जोडाक्षरांना आपापलं घर. प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटं. जुळारी उभी राहून एकेक खिळा उचलते, ओळ भरते, ओळींचं पान बांधते. मग मुद्रित, म्हणजे तपासायची प्रत, निघतं, चुका दुरुस्त होतात, पान यंत्रावर चढतं. हे सगळं त्या बाया करत, ज्यांच्या जगण्याचाही कुणाला भरवसा वाटला नव्हता.

छापखाना सगळ्यांसाठी नव्हता. कुणी मागावर बसली, कुणी शेतात राबली, कुणी तेलघाण्यावर, कुणी आजाऱ्यांपाशी. अंध मुलींसाठीही शिक्षणाची सोय झाली. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात सांगतो की ज्याला जसं कृपादान मिळालं, त्यानं चांगल्या कारभाऱ्यासारखं ते एकमेकांच्या सेवेत वापरावं. त्यातलं ‘प्रत्येकाला’ हे केडगावात अक्षरशः घेतलं गेलं. आपल्या मंडळ्यांत वक्ते आणि गाणारे पटकन दिसतात. बाकीच्यांच्या हातात काय आहे हे विचारायला आपण किती थांबतो?

रमाबाईंचं भाषांतर मंडळ्यांच्या उपासनेत रुजलं नाही. आजही आपण बहुतेक ठिकाणी दुसरंच भाषांतर वाचतो. एवढ्या कष्टाला हे फळ थोडं वाटेल. पण दृष्टांतातला धनी ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ म्हणतो, आणि पाचाचे दहा करणाऱ्याला जे शब्द, तेच दोनाचे चार करणाऱ्यालाही.

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. रमाबाईंच्या मागे मुक्तीचा भार तिनंच उचलायचा होता. एकुलती एक लेक गेल्यावरही रमाबाईंनी मुद्रितं तपासणं सोडलं नाही. प्रकृती ढासळत चालली होती, तरी शेवटच्या दिवसांपर्यंत तेच काम चाललं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. उरलेली छपाई मुक्तीतल्या बायांनी तडीस नेली, आणि 1924 मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं.