अडवल्यानंतर काय?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई पोलीस दलात एक शिपाई होता. 1981 मध्ये अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला आणि पुढे स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार जडला. घर चालावं म्हणून बायकोने भाजीविक्रीच्या परवान्यासाठी महापालिकेकडे अर्ज केला. 1985 मध्ये एके दिवशी आयुक्तांची भेट मिळेना, तेव्हा त्याने तिथेच जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला. त्याला वेळीच अडवलं गेलं. तो वाचला आणि मग आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली आरोपी झाला!

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 1986 मध्ये न्यायमूर्ती सावंत आणि कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. मनाने आजारी असलेल्याला डॉक्टर हवा, कोठडीत त्याचा आजार वाढेलच, असं त्यांचं म्हणणं. पण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं सांगून कलम वैध ठरवलं. शेवटी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने वाट काढली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट सरकारने त्याच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची सोय करायची. 2024 मध्ये दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून 309 गेलंच. मात्र सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर कलम 226 आहे. म्हणजे त्या शिपायासारखा माणूस आजही त्यात अडकू शकतो.

कायद्याचं झालं. आता, "जीव माझा, तुम्ही कोण अडवणारे?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. असाध्य दुखण्यात यंत्रांवर ताटकळणाऱ्या रुग्णाचा प्रश्न वेगळा आणि संजीवन समाधीचे दाखलेही इथे उपयोगाचे नाहीत. मी बोलतोय ते नैराश्याबद्दल. त्यात माणसाला मनापासून वाटतं, की मी नसलो तर घरच्यांचं ओझं उतरेल. त्याच्या लेखी तो पळपुटेपणा नसतो, उपकार असतो. अशा माणसाला "आत्महत्या पाप आहे" सांगून काय होणार? स्वतःला दोषी धरण्यात तो आधीच बुडालेला असतो. ओझं असल्याची ती भावना आजाराचंच लक्षण आहे आणि उपचारांनी ती ओसरते. म्हणून अडवणं हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे, असं मी मानतो.

याला आधारही आहे. अमेरिकेत संशोधक रिचर्ड सायडन यांनी ऐनवेळी अडवल्या गेलेल्या 515 जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. 1978 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते.

पण आपण अडवतो आणि मोकळे होतो. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे, आणि नेमके तेव्हाच "आता बरा दिसतोय" म्हणून पाहुणे पांगतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणून, किंवा फरक पडल्यावर "सवय लागेल" म्हणून त्या बंद केल्या जातात. गोळ्या कुणाच्या ताब्यात राहतील, पुढच्या तारखेला केसपेपर घेऊन सोबत कोण जाईल, हे घरात नावानिशी ठरवा. मध्ये कधी शंका आली तर सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का रे?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर वाद घालू नका, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना गाठा.

हे ऐकताना तुमच्याच मनात तसे विचार घोळत असतील, तर आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. क्रमांक 14416. लिहून घ्या, पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.