माए ला छावणीतला शास्त्राचा (बायबलचा) वर्ग

(दृश्य: चुनखडीचे कडे, पायथ्याशी बांबूची घरं. रस्त्यावरच्या मोटारसायकलींचा आवाज.)

थायलंडच्या ताक प्रांतात माए सोत हे सरहद्दीवरचं बाजारपेठेचं शहर आहे. तिथून 105 क्रमांकाच्या रस्त्यानं उत्तरेकडे साधारण 60 किलोमीटर गेलं की उभे कडे लागतात. त्यांच्या पायथ्याशी, रस्त्याला अगदी लागून, तारेचं कुंपण सुरू होतं. कुंपणाच्या आत बांबूची घरं. जमिनीपासून उचललेली, पानांनी शाकारलेली, एकमेकांना खेटून उतारावर वरपर्यंत चढत गेलेली. हे माए ला. म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्यांच्या नऊ छावण्या या सरहद्दीवर आहेत, त्यांतली ही सगळ्यांत मोठी. म्यानमारची हद्द इथून जेमतेम 8 किलोमीटरवर.

छावणी वसली 1984 साली. इथले बहुतेक लोक कारेन, म्हणजे म्यानमारमधला एक अल्पसंख्याक समाज. म्यानमारचं सैन्य आणि कारेन संघटना यांच्यातली लढाई 1949 च्या जानेवारीत सुरू झाली, ती अजून मिटलेली नाही. 1995 मध्ये मानेरप्लॉ हे कारेनांचं मुख्य ठाणं पडलं. गावंच्या गावं सरहद्दीवरची नदी ओलांडून अलीकडे थायलंडमध्ये आली आणि आसपासच्या लहान छावण्या हलवून माए लामध्ये आणल्या गेल्या. एके काळी इथे 50 हजारांच्या आसपास माणसं राहत होती. थायलंडनं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे निर्वासित म्हणून कायद्यानं मिळणारे हक्क या लोकांना नाहीत. पक्कं घर बांधायला वर्षानुवर्षं मनाई होती. परवान्याशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकलं तर अटकेची भीती. इथे जन्मलेल्या मुली आता आई झाल्या आहेत, आणि त्यांच्या लेकरांच्याही जन्माचं ठिकाण हेच आहे.

या छावणीत एक बायबल कॉलेज चालतं. कॉथूले कारेन बॅप्टिस्ट बायबल स्कूल अँड कॉलेज असं त्याचं लांबलचक नाव. काही विद्यार्थी छावणीतच वाढलेले, तर काही नदीपलीकडच्या खेड्यांतून जंगलवाटांनी आलेले. शिकून झालं की त्यांतले बरेच जण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होतात, शिक्षक होतात, आणि काही जण, ज्या मुलखातून लोक पळून आले तिथेच, मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, सांभाळायला परत जातात. छावणीत मिळवलेल्या प्रमाणपत्राला ना थायलंडची मान्यता, ना म्यानमारची. तरी वर्ग भरतात.

(दृश्य: वर्ग. बाकांवर वह्या. फळ्यावर कारेन लिपीतल्या ओळी.)

बाहेरून शिकवायला येणाऱ्या मिशनरीची वाट इथूनच जाते. तो येतो काही आठवड्यांसाठी, क्वचित काही महिन्यांसाठी. त्याच्या खिशात पासपोर्ट असतो. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांकडे कोणत्याच देशाचा कागद नसतो. तो इंग्रजीत एक वाक्य बोलतो, शेजारी उभा असलेला दुभाषा ते कारेनमध्ये सांगतो, आणि तेवढ्या वेळात त्याला समोरचे चेहरे पाहता येतात. बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक उघडलेलं असतं, इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून निघाले त्याची कथा. रातोरात घर सोडणं, कणीक फुगायच्या आत ती बांधून घेणं, पाठीमागून सैन्य, पुढ्यात पाणी. हे सारं तो ग्रंथालयात बसून शिकलेला असतो. ऐकणाऱ्यांनी ते पायांनी चालून पाहिलेलं असतं. कोणत्या रात्री निघालो, काय उचललं, काय मागे राहिलं, नदीला किती पाणी होतं, हे त्यांना कुणी सांगायला लागत नाही.

म्हणून इथे शिकवायला येणाऱ्यानं आधी ऐकावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. बायबलच्या मूळ भाषा हिब्रू आणि ग्रीक, इतिहासाचा क्रम, प्रेषित पौलाची पत्रं कुठून कुठे गेली, हे त्याच्याजवळ आहे आणि पाळकांना ते हवं आहे. शास्त्रावरची पुस्तकं कारेन भाषेत थोडीच आहेत. पाळकांना शिक्षणाची भूक आहे आणि ती खरी आहे. पण शास्त्रातलं निर्वासितांचं जिणं समजावून सांगायची पाळी आली, की खडू त्यांच्या हातात द्यायला हवा.

या कॉलेजचे प्राचार्य म्हणून जगभर ओळखले गेले ते रेव्हरंड डॉक्टर सॉ सायमन. ते स्वतः कारेन आणि स्वतः निर्वासित. शिकलेला, इंग्रजी येणारा माणूस. परदेशी जाऊन बसता आलं असतं अशा लोकांपैकी ते एक, पण त्यांनी छावणीत शिकवलं. 2000 साली बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स या बॅप्टिस्ट चर्चच्या जागतिक संघटनेनं त्यांना मानवी हक्कांसाठीचा पुरस्कार दिला. बायबल शिकवणाऱ्याला मानवी हक्कांचा पुरस्कार कशासाठी, असं दुरून वाटू शकेल. कुंपणाच्या आत राहिलं की त्याचं नवल वाटत नाही. ज्या मुलाला काम करायची परवानगी नव्हती, बाहेर पडायची नव्हती, ज्याचं नाव कोणत्याही देशाच्या यादीत नाही, त्याला रोज सकाळी बाकावर बसवून, तू शिकलेला माणूस होशील आणि तुझ्या लोकांना तुझी गरज आहे, असं सांगणं हे हक्काचंच काम आहे.

(दृश्य: समूहगायन. चार वेगवेगळ्या आवाजांत.)

हे गाणं ऐका. कारेन मंडळ्यांमध्ये चार स्वरांत गायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाद्य असलं तर असलं, नसलं तरी गाणं अडत नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण या वर्गातलं पुस्तक कारेन भाषेत आलं कसं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईला जोडलेला आहे. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली आणि दोन जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. कलकत्त्यातून त्यांना घालवून देण्याची तयारी झाली आणि वाटा फुटल्या. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनचा पाया तो. त्याच वर्षीच्या जुलैत अडोनिराम जडसन आणि त्यांची पत्नी ॲन रंगूनच्या बंदरात उतरले. हॉल 1826 साली नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेले. त्याच सुमारास जडसन आवा या बर्मी राजधानीतल्या कैदेतून सुटत होते. ते तुरुंगात असताना बायबलच्या ‘नवा करार’ या भागाच्या बर्मी भाषांतराचं हस्तलिखित एका उशीत दडवून वाचवलं गेलं होतं. ज्यांच्या घरात मराठी बायबल आणि ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक आहेत, त्यांच्यासाठी म्हणून माए लाची माणसं अगदीच परकी नाहीत.

कारेन लोकांपर्यंत हे पुस्तक नेणारा पहिला मोठा प्रचारक गोरा नव्हता. त्याचं नाव को था ब्यू. आधीचं आयुष्य दरोडे आणि खून यांत गेलेलं, पुढे कर्जापायी गुलामीत अडकलेला. 1828 च्या मे महिन्यात दक्षिण म्यानमारमधल्या तावोय इथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर 1840 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो डोंगरांतल्या कारेन वस्त्यांमधून फिरत राहिला. कारेनांमध्ये एक जुनी कथा होती: देवानं आपल्याला दिलेलं पुस्तक हरवलं आहे आणि धाकटा गोरा भाऊ ते एक दिवस परत आणेल. मिशनरी जोनाथन वेड यांनी बर्मी अक्षरांवरून स्गॉ कारेन या कारेन भाषेसाठी लिपी बसवली. मिशनरी फ्रान्सिस मेसन यांनी भाषांतर केलेलं संपूर्ण बायबल 1853 साली छापून झालं. पाळक घडवण्याची शाळा त्याहीआधी, 1845 मध्ये म्यानमारमधल्या मौलमेनला सुरू झाली होती. माए लाच्या बाकावर बसलेला विद्यार्थी ही परंपरा पुढे नेतो आहे. पुस्तक बाहेरून आलं खरं, पण ते वाचायला, गायला आणि शिकवायला लागून या लोकांना पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ झाला.

(दृश्य: रेशनच्या जुन्या गोदामासमोरची रांग.)

इतकी गरिबी आणि अनिश्चितता असताना बायबलचे वर्ग कशाला, असं कुणी विचारलं तर मी त्याला छावणीतल्या पाळकाचा एक दिवस पाहायला सांगेन. कुणाचं मूल आजारी, त्याला दवाखान्यात न्यायचं. कुणाच्या घरी मयत झाली, तिथे सगळं उभं करायचं. आईबाप नदीपलीकडे राहिलेल्या पोरांसाठी कुणाच्या तरी घरी जागा बघायची. दारूनं घर मोडायला आलं तर तिथे जाऊन बसायचं. नवरा-बायकोचं भांडण, शेजाऱ्यांचं भांडण, अमेरिकेला गेलेल्या मुलाचा फोन येत नाही म्हणून रडणारी म्हातारी, हे सगळं त्याच्याकडेच येतं. 2005 पासून या छावण्यांमधून लाखाच्या वर लोक तिसऱ्या देशांत, मुख्यतः अमेरिकेत, वसवले गेले. त्यांत शिकलेले शिक्षक गेले, आरोग्यसेवक गेले, पाळकही गेले. मागे राहिलेल्या मंडळीला नवा माणूस घडवावा लागला. तो घडतो तो या वर्गांत.

या वर्गात सगळ्यांत अवघड पान कोणतं, ते सांगतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 137 वं स्तोत्र. परक्या देशातल्या नदीकाठी बसून रडणाऱ्यांचं गीत. सुरुवातीच्या ओळी इथे कुणालाही कळतात. पण त्या स्तोत्राचा शेवट सूडाचा आहे, शत्रूच्या तान्ह्या लेकरांना खडकावर आपटण्याचा. सुखवस्तू मंडळ्यांमध्ये या ओळी बहुधा गाळून वाचल्या जातात. जाळलेलं गाव पाहिलेल्या पाळकांसमोर त्या गाळता येत नाहीत, गाळूही नयेत. राग देवापुढे मोठ्यानं बोलून टाकावा, हातात मात्र घेऊ नये, असं त्यांचं वाचन करता येतं. ते पटवणं सोपं नाही. त्याच फळ्यावर दुसऱ्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाचं पाचवं प्रकरण येतं, शत्रूवर प्रीती करा म्हणणारं.

आणि इथे शत्रू कोण, हेही सरळ नाही. 1994 च्या डिसेंबरात कारेन सैन्यातच फूट पडली. नेते बहुतेक ख्रिस्ती, शिपाई मोठ्या संख्येनं बौद्ध, आणि बौद्धांच्या मनात बरीच वर्षं साचलेली नाराजी. वेगळा झालेला गट म्यानमारच्या सैन्याच्या बाजूला गेला. 1997 च्या जानेवारीत हुआय कालोक ही छावणी जाळली गेली, माए लावर तोफगोळे पडले. हल्ला करणाऱ्यांत कारेनही होते. आज माए लामध्ये चर्चपासून थोड्याच अंतरावर बौद्ध विहार आहेत, मशिदी आहेत. अशा ठिकाणी पाळकांना शास्त्र शिकवणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. माझा धर्म आणि माझी जात ही एकच गोष्ट आहे असं शिकवलं, तर जुनी जखम पुन्हा उघडेल. शोमरोनी माणसाचा दाखला, परक्या जमातीच्या माणसानं जखमी वाटसरूला मदत केल्याची येशूची गोष्ट, इथे रविवारच्या शाळेतल्या लहान मुलांसाठी ठेवून भागत नाही. तो पाळकांच्या वर्गात सावकाश, नावं घेऊन, शिकवावा लागतो. धान्याचा विषय आला की धर्म बाजूला ठेवणं हेही त्यातच आलं. सरहद्दीवरची मदत 1984 मध्ये ख्रिस्ती संस्थांनीच सुरू केली, पण तांदूळ मिळायचा तो कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर, देवावर नव्हे. ही फार चांगली शिस्त होती.

(दृश्य: बंद दवाखाना.)

2025 हे वर्ष छावणीवर कठीण आलं. अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि जानेवारीअखेर छावण्यांतले दवाखाने बंद करण्याची वेळ आली. जुलैच्या शेवटी बहुसंख्य कुटुंबांची धान्याची मदतही थांबली. त्यानंतर थायलंड सरकारनं एक मोठा निर्णय घेतला: दीर्घकाळ छावण्यांत राहणाऱ्यांना बाहेर जाऊन कायदेशीर काम करण्याची मुभा. ऑक्टोबर 2025 पासून ही वाट खुली झाली. इतकी वर्षं जे कुंपण ओलांडणं गुन्हा होता, ते आता परवाना घेऊन ओलांडता येतं.

पाळकांच्या वर्गात यामुळे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचं एकोणतिसावं प्रकरण नव्यानं उघडावं लागणार आहे. कैद करून बाबेलला नेलेल्या यहुदी लोकांना संदेष्ट्यानं पाठवलेलं पत्र आहे ते. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात आहे. बांबूशिवाय काही बांधायची मुभा नव्हती तोवर ते पत्र या लोकांना लागू कसं करायचं, हाच प्रश्न होता. आता तरुण मुलं थाई शेतांत आणि कारखान्यांत कामाला जाऊ शकतात. तिथे रुजायचं, की 1949 पासून ज्या मुलखासाठी माणसं मेली तिकडे परतायची वाट पाहायची? आईबाप एक सांगतील, मुलं दुसरं. दोघंही रविवारी त्याच पाळकाकडे येणार आहेत, आणि शिकवायला आलेल्या पाहुण्याचा व्हिसा तोवर संपलेला असेल.