वाईट बातमी आधी कुणाला कळते?

नमस्कार श्रोतेहो.

धंद्यात काही बदलायला लागलं की त्याची पहिली खबर मालकाला सहसा लागत नाही. आंब्याच्या कलमांवर फुलकिडे पडलेत हे आधी फवारणी करणाऱ्या गड्याला दिसतं. मासळी नेहमीच्या जागी लागत नाही हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला कळतं, बोटमालकाला मात्र ते महिन्याच्या हिशेबात दिसतं. न्याहारी-निवासाला उतरलेलं कुटुंब पुन्हा येणार की नाही, याचा अंदाज वाढणाऱ्या बाईला ताटात उरलेल्या अन्नावरूनच येतो. बदलत्या काळात टिकणारा उद्योजक ओळखायचा कसा, असं मला कुणी विचारलं तर मी त्याचं शिक्षण किंवा भांडवल नंतर बघते. आधी बघते ते हे, की त्याच्याकडचा गडी त्याला वाईट बातमी बेधडक सांगू शकतो का?

आपल्या कोकणाने गेल्या काही वर्षांत काय काय सोसलंय ते तुम्हाला सांगायला नको. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी, त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आणि २२ जुलैला चिपळूणचा महापूर. निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर धरायला वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? हा प्रश्न कुठल्याही मोठ्या कंपनीच्या प्रश्नापेक्षा सोपा नव्हता.

पण मला आज जरा सविस्तर बोलायचंय ते हापूसबद्दल, कारण धंद्याची मोडणी कशी बदलावी लागते हे त्यात फार स्वच्छ दिसतं.

कित्येक बागायतदारांची पिढ्यान् पिढ्यांची रीत अशी : पावसाळ्यानंतर खता-फवारणीला पैसा लागतो, तो वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून उचल म्हणून घ्यायचा आणि हंगामात पेट्या त्याच्याच गाळ्यावर धाडायच्या. भाव काय मिळाला ते पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात पडल्यावर कळणार. उचलीला मी नावं ठेवत नाही, तिच्यावर कित्येक बागा उभ्या राहिल्या. पण उचल घेतली की गिऱ्हाईक निवडायचा हक्क तुमच्याकडे राहत नाही. टाळेबंदीत फळ झाडावर तयार झालं आणि नेहमीची वाट आक्रसली, तेव्हा ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांशी थेट फोनवर सौदे केले. एसटीनेही त्याच काळात मालवाहतूक सुरू केली आणि आंब्याच्या पेट्या नेल्या.

आता थेट विक्री म्हणजे दलाल वगळून भाव जास्त, इतकंच अनेकांना वाटलं. खरा बदल निराळाच होता. सोसायटीतल्या माणसाला पाच डझनांची लाकडी पेटी नको होती, त्याला एक-दोन डझनांचा पुठ्ठ्याचा बॉक्स हवा होता. त्याला अढी कशी घालतात, म्हणजे आंबा गवतात ठेवून कसा पिकवतात, ठाऊक नव्हतं, म्हणजे फळ कधी खायचं तेही आपणच सांगायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, साका, म्हणजे फळाच्या आतला दोष.

साका फळ कापेपर्यंत बाहेरून ओळखू येत नाही. वरून केशरी, वासाला घमघमीत, आणि आत सुरी घातली की बाठ्याजवळ पांढुरका, रबरासारखा गर. गाळ्यावर गेलेल्या पेटीतला साका कोणत्या बागेचा, हे खाणाऱ्याला ठाऊक नसायचं आणि बागायतदाराच्या कानावर ती तक्रार क्वचितच यायची. थेट विक्रीत दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या फळाचा फोटोच मोबाईलवर येऊन पडतो, खाली लिहिलेलं असतं, ‘सहातले दोन असे निघाले.’

इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, ‘निसर्गाचं आहे, आमच्या हातात काय?’ आणि त्या गिऱ्हाइकाचा फोन उचलायचं बंद करतो. दुसरा दोन फळं बदलून देतो आणि तोच फोटो तोडणीच्या गड्यांना दाखवतो. मग त्यांच्यातलाच एखादा बोलतो, की परवा दुपारी काढलेला माल तापलेल्या कातळावर बराच वेळ पडून होता. तिथून पुढे गोष्टी बदलतात. फळ चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडंसंच कमी, झालं की काढायचं, झाडावर फार पिकू द्यायचं नाही. देठासकट उतरवायचं, त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे फळ काढायची जाळीची काठी, आहे. काढलेलं फळ लगेच सावलीत न्यायचं. यातलं काहीही नवं नाही, विद्यापीठ कधीपासून हेच सांगतंय. पण गिऱ्हाइकाची नाराजी आणि गड्याची माहिती एकाच खळ्यात समोरासमोर आली, तेव्हा ते अमलात आलं.

हार्वर्ड विद्यापीठात नेतृत्व शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ अडचणींचे दोन प्रकार मानतात. काही अडचणी जाणकाराच्या तंत्राने सुटतात. काही मात्र माणसांनी आपल्या सवयी आणि समजुती बदलल्याशिवाय सुटत नाहीत. पंप बिघडला, मेकॅनिक बोलावला, काम झालं. पण पट्टीवर भरवसा ठेवून जगलेल्या घराला गिऱ्हाइकाचा फोन उचलायला लावणं, हे कुठल्याही मेकॅनिकचं काम नाही. आपल्याकडे गल्लत होते ती इथेच. दुसऱ्या प्रकारच्या अडचणीवर आपण यंत्र विकत आणतो, नवं ॲप घेतो, आणि माणसं होती तिथेच राहतात.

चिपळूणच्या बाजारपेठेने आणखी एक गोष्ट दाखवली. २००५ च्या जुलैचा पूर सर्वांच्या लक्षात होता. त्या पाण्याच्या अंदाजाने माल वरच्या फळीवर ठेवणारे दुकानदार सावध नव्हते असं कोण म्हणेल? २०२१ चं पाणी त्या अंदाजाच्याही वर गेलं. मागच्या संकटाची तयारी पुढच्या संकटाला पुरेलच असं नाही. म्हणून सगळा माल एका जागी, सगळी येणी एका व्यापाऱ्याकडे आणि सगळा हिशेब एकाच वहीत, हे तरी टाळावं. हंगाम चांगला गेला की त्यातले काही पैसे बाजूला राहिले पाहिजेत, नव्या गाडीच्या हप्त्यात अडकता कामा नयेत. हातात पैसा नसलेल्या माणसाला शहाणपण असूनही वळता येत नाही.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. लवचिक असणं म्हणजे वाटेल ते करणं नव्हे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावता येतं. तरी पीक कमी आलं की परराज्यातला आंबा आणून आपल्या बॉक्समध्ये भरायचा मोह होतो. ‘काळाप्रमाणे चालायला हवं’ असं त्याला गोंडस नावही मिळतं. अशा वर्षी गिऱ्हाइकाला सरळ कळवावं, की यंदा फळ कमी आहे, तुम्हाला दोनऐवजी एकच डझन देऊ शकतो. ज्याला आपल्या धंद्यात काय बदलायचं नाही हे पक्कं ठाऊक असतं, त्यालाच बाकी सगळं न घाबरता बदलता येतं. पेटी, भाव, गिऱ्हाईक, विक्रीची वाट हे सगळं बदलू दे. नावाखालचं फळ बदलता कामा नये.

राहता राहिली घरातली गोष्ट. पुण्या-मुंबईत नोकरी करून परत आलेला मुलगा किंवा मुलगी अनेक घरांत आहे. त्यांना कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, बाटलीत भरून विकायचं असतं, काजू फोडून ग्रेडिंग करायचं असतं, बागेत राहायला पाहुणे आणायचे असतात. वडील म्हणतात, ‘आधी आमच्या हाताखाली चार वर्षं काढ.’ त्या चार वर्षांत मूल पुन्हा ठाण्याला जातं. माझं म्हणणं असं, की पूर्ण कारभार हातात देऊ नका, पण बागेचा एक कोपरा, दहा-बारा कलमं, नाहीतर एक खोली त्यांच्या नावे करा. किती पैसे बुडाले तर चालतील हा आकडा आधीच ठरवा आणि तेवढेच द्या. त्याची वही वेगळी ठेवा. मग गणपतीपर्यंत त्या वहीत आपण डोकावायचं नाही, आणि गणपतीला सगळं घर जमलं की ती वही त्यांनाच वाचून दाखवू द्यायची, तोट्याच्या पानासकट.

नमस्कार.