व्हीलकप वाजतो तेव्हा तो सरकतही असतो

नमस्कार मंडळी. आज मी फक्त व्हीलकपवर बोलणार आहे, म्हणजे रिम पूर्ण झाकणारा मोठा स्टीलचा कप, मधली छोटी टोपी नव्हे. आमच्या घरी डॉज किंग्जवे आहे, प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली, पन्नाशीच्या दशकातली. लहानपणी रविवारी तिचे कप पुसायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे त्या कपांवर माझा जीव आहे.

तर आवाज. गाडी हळू चालली की चाकाच्या फेरीबरोबर कट्‌ कट्‌ किंवा कुर्र कुर्र असं येतं, आणि स्पीड वाढला की ते वाऱ्यात नि इंजिनात हरवून जातं. बहुतेक लोक आधी बेअरिंगवर संशय घेतात, बदलतात, पैसे जातात आणि आवाज तिथेच. आधी चारही कप काढा आणि ज्या बोळात शेजारी भिंत आहे अशा बोळात काच खाली करून गाडी फिरवा, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे स्वच्छ ऐकू येतो. आवाज गेला तर दोषी कपच, मग एकेक परत लावून कुठला ते शोधा. नाही गेला तर मात्र बेअरिंग, ब्रेक सगळं बघावं लागेल.

कप काढलेत तर चाकं आवळलेली आहेत का तेही बघून घ्या, कारण ढिल्या चाकाचा आवाज अगदी असाच येतो आणि तो जिवावरचा आहे. आणि एक, डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लर घराण्यातल्या जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला पोरगा टॉमीवर, म्हणजे बोल्ट सोडवायच्या पान्याच्या दांड्यावर, पाय देऊन सोडवायला जातो, खरं म्हणजे तो आवळत असतो, आणि बोल्ट तुटतो. असे तुटलेले बोल्ट मी पाहिलेत, म्हणून दरवेळी सांगतो.

आता हे होतं कशामुळे? कपाच्या मागे कडेला स्प्रिंग स्टीलचे दात असतात, ते रिमला आतून चावून बसतात. बाकी कपाला धरायला काहीच नाही. आणि स्टीलची रिम आपल्याला दगडासारखी वाटते पण गाडीचं वजन पडलं की खालच्या बाजूला ती केसभर दबते, चाक फिरलं की दबणारी जागा बदलते, म्हणजे फेरीगणिक दातांखालची जमीन हलते. आमच्या चाकाच्या एका किलोमीटरला साधारण ४५० फेऱ्या होतात, तेव्हा पुण्याहून लोणावळ्याला जाईपर्यंत किती हजार वेळा ते दात घासले बघा! दात घट्ट असले तर काही होत नाही. ढिले असले की आधी वाजतात, मग कप थोडा थोडा फिरायला लागतो. आवाज आणि सरकणं हे दोन आजार नाहीत, एकच आहे.

सरकतोय का ते बघायला खडू पुरतो. कपावर आणि रिमच्या कडेवर मिळून एक सरळ रेघ मारा, पाच-सात किलोमीटर जाऊन या, रेघ तुटली तर कप फिरला. टायरवर मारू नका, टायरही कधीकधी रिमवर थोडा फिरतो आणि मग भलताच निष्कर्ष निघतो.

ही रेघ मी आधी मारली असती तर बरं झालं असतं. एका टायरवाल्याकडून नवे टायर टाकून घेतले होते, त्याने कप बुक्क्या मारून बसवले, मीही बघितलं नाही, आणि कामशेतच्या अलीकडे पुढच्या चाकाची हवा एकदम गेली. पंक्चर नव्हतंच. कप फिरत फिरत आला होता आणि वॉल्व्ह बाहेर यायला त्याला जे भोक असतं त्याच्या कडेने ट्यूबचा वॉल्व्ह बुडातून कापला होता. आई मागच्या सीटवर होती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की वॉल्व्ह हा कप अडवायचा खुंटा नाही, आणि ‘वॉल्व्ह आहे ना, फिरणार कुठे’ असं कोणी म्हणालं तर मला राहवत नाही.

हल्लीचे रेडियल टायर टाकल्यावर हा त्रास बऱ्याचदा वाढतो, कारण या रिमा जुन्या क्रॉस-प्लाय, म्हणजे आत तिरक्या धाग्यांचे थर असलेल्या, टायरसाठी केलेल्या, रेडियलचा जोर रिमवर वेगळ्या तऱ्हेने पडतो. रेडियल टाकू नका असं नाही म्हणत, पण टाकलेत की दात तपासा. दुसरं कारण रंग. हल्ली रिमला पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग, करतात, दिसतं छान, पण थर जाड आणि गुळगुळीत, दाताला चावायला जागाच राहत नाही. जिथे दात बसतात तिथे थर पातळच हवा.

दुरुस्ती अशी. रिमची आतली कड तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. मग दात पकडीने एक सोडून एक बाहेर वाकवा, अगदी एक-दोन मिलिमीटर, कप बसवून बघा, लागलं तर आणखी. गॅसने तापवू नका, स्टीलची ताकद जाते आणि दात मेलाच म्हणून समजा. बॅलन्सिंगची, म्हणजे चाक न डगमगता फिरावं म्हणून रिमच्या कडेला लावलेली, शिशाची वजनं कपाच्या कडेखाली येत असतील तर ती आतल्या बाजूला लावून घ्या. तरी किरकिर राहिली तर जिथे कप रिमला टेकतो तिथे सिलिकॉनचे छोटे ठिपके द्या, पण रात्रभर सुकू द्या आणि मगच कप बसवा, म्हणजे ते गादीसारखं राहतं. ओलं असताना बसवलं तर चिकटतं आणि रस्त्यात पंक्चर झालं की कप निघत नाही. ग्रीस तर नकोच, आवाज जातो खरा, पण कप दुप्पट सरकतो.

बसवताना आधी वॉल्व्हचं भोक जुळवा, तिथून दाबायला सुरुवात करा, मग रबरी हातोड्याने कडेकडेने, जिथे मागे दात आहेत तिथेच ठोका. मधे ठोकलंत की पोचा येतो आणि जुन्या कपाचा पोचा नीट काढणारा डेंटर शोधायला फार फिरावं लागतं.

ज्यांनी कप आणलेत त्यांनी चहा झाला की पुढच्या टेबलाशी या, पकड आणि हातोडा आणलाय, दात एकेक करून बघू.