दीड मिलिमीटरचा थर : जिओसिंथेटिक्सची मागणी येते कोठून?

एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतील ‘कमर्शियल मेटल्स कंपनी’ या उद्योगसमूहाने ‘टेन्सार’ ही कंपनी सुमारे 55 कोटी डॉलरना विकत घेतली. कमर्शियल मेटल्सचा मूळ धंदा भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करण्याचा, तर टेन्सारचा धंदा प्लास्टिकच्या जाळ्यांचा आहे. या जाळीचे तंत्र इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे ब्रायन मर्सर यांनी विकसित केले. प्लास्टिकच्या जाड पत्र्याला ठरावीक अंतरावर भोके पाडायची आणि तो तापवून ताणायचा, म्हणजे भोकांच्या खिडक्या होतात आणि मधल्या फासळ्यांतील रेणू ताणाच्या दिशेने एका रांगेत येऊन त्या बळकट होतात. ही जाळी म्हणजे जिओग्रिड. काँक्रीटमध्ये जे काम सळई करते, तेच काम मातीच्या भरावात जिओग्रिड करते, आणि दोन्हींचा गिऱ्हाईक एकच आहे : रस्ते आणि पूल बांधणारा ठेकेदार. सळ्या विकणाऱ्याने त्याच गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकची जाळीही दुकानात आणून ठेवली, एवढाच या व्यवहाराचा अर्थ.

(दृश्य : उड्डाणपुलाच्या पोचमार्गाची भिंत. काँक्रीटच्या पॅनेलांमागे मुरूम पसरला जात आहे, त्यावर जाळीचा पट्टा अंथरला जात आहे, आणि मागून रोलर येत आहे.)

जिओग्रिड हा जिओसिंथेटिक्सचा, म्हणजे मातीच्या बांधकामात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कापड, जाळ्या आणि पत्र्यांचा, एक प्रकार झाला. जिओटेक्स्टाइल हे कापड असते. ते कधी विणलेले, तर कधी तंतूंचा थर काटेरी सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवलेले असते, आणि कारखान्यात त्याला ‘नीडल पंच’ म्हणतात. जिओमेम्ब्रेन हा पाणी न झिरपू देणारा सलग पत्रा असतो. त्याशिवाय मधमाशीच्या पोळ्यासारखे जिओसेल आहेत, दोन कापडांमध्ये बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती भरलेली अस्तरे आहेत, आणि मऊ गाळातील पाणी वर खेचण्यासाठी उभ्या रोवल्या जाणाऱ्या निचरापट्ट्याही आहेत. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरातील सागरी चिकणमाती कंटेनरचा भार पेलू शकावी, म्हणून तेथे अशा पट्ट्या रोवण्यात आल्या. कच्चा माल मात्र बहुतेक ठिकाणी तोच : पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर आणि पॉलिएथिलीन.

काळ्या मातीच्या प्रदेशात राहणाऱ्याला जिओटेक्स्टाइलचे काम समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ही माती फुगते व लोण्यासारखी मऊ होते, वरची खडी तिच्यात रुतते, खालचा चिखल खडीच्या फटींतून वर चढतो, आणि दोन पावसाळ्यांत जाड थराचा रस्ता पातळ होऊन बसतो. मुरूम आणि माती यांच्यामध्ये कापडाचा एक थर टाकला, तर पाणी वर जाते, पण माती खालीच राहते. खडी खडीच्या जागी टिकते, आणि पुन्हा पुन्हा खडी ओतण्याचा खर्च वाचतो. कल्पना नवी नाही. 1926 साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग विभागाने सुती कापड रस्त्याखाली घालून हाच प्रयोग केला होता. कापूस कुजतो, त्यामुळे या कल्पनेला कृत्रिम धाग्याची वाट पाहावी लागली.

तो धागा मोठ्या प्रमाणावर कामाला आला नेदरलँड्समध्ये. 1 फेब्रुवारी 1953 च्या पहाटे उत्तर समुद्राच्या वादळी भरतीने तेथील बंधारे फोडले आणि 1,836 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर हाती घेतलेल्या डेल्टा प्रकल्पात समुद्रतळाची वाळू वाहून जाऊ नये, हा मोठा प्रश्न होता. ऑस्टरशेल्ड खाडीच्या मुखावरील धरणभिंतीच्या 65 खांबांखाली यासाठी जी गादी अंथरली गेली, तिची लांबी 200 मीटर, रुंदी 42 मीटर आणि जाडी सुमारे 36 सेंटिमीटर होती. कृत्रिम कापडात वाळू आणि खडी थराथराने भरून ती गादी किनाऱ्यावरच तयार केली जाई, प्रचंड रिळावर गुंडाळली जाई, आणि ‘कार्डियम’ या खास बांधलेल्या जहाजातून समुद्राच्या तळावर उलगडली जाई. ही धरणभिंत 1986 मध्ये कार्यान्वित झाली. तोवर फ्रान्समध्ये व्हालक्रो धरणात 1970 साली न विणलेले कापड गाळणी म्हणून वापरून झाले होते, आणि 1983 मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिसमध्ये स्थापन झाली होती.

येथपर्यंतची मागणी हौशी अभियंत्यांची होती, असे म्हटले तरी चालेल. ज्याला पटले त्याने वापरले. बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कायद्यामुळे, आणि तोही रस्त्याच्या नव्हे, तर कचऱ्याच्या कायद्यामुळे.

(दृश्य : भरावभूमीचा, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेचा, नवा खड्डा. काळ्या पत्र्याचे रुंद गुंडाळे उतारावरून सोडले जात आहेत.)

1991 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शहरी कचऱ्याच्या भरावभूमींसाठी नियम काढले. तळाशी घट्ट दाबलेल्या चिकणमातीचा दोन फुटांचा थर आणि त्यावर जिओमेम्ब्रेन. तो पत्रा एचडीपीई या दाट पॉलिएथिलीनचा असेल, तर त्याची जाडी किमान 60 मिल, म्हणजे दीड मिलिमीटर असली पाहिजे. 1999 मध्ये युरोपीय संघानेही भरावभूमींसाठी आपला निर्देश काढला. एका ओळीच्या अटीने केवढी मागणी निर्माण होते, याचा हिशेब सोपा आहे. दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई पत्रा चौरस मीटरला सुमारे 1.4 किलो भरतो. म्हणजे एक हेक्टर तळ झाकायला, सांधे आणि कडा सोडूनही, 14 टन प्लास्टिक लागते. भरावभूमी भरली की वरचे झाकण पुन्हा वेगळे. ज्या देशात असा नियम आहे आणि तो पाळला जातो, तेथे घरे बांधण्याचा वेग मंदावला तरी या मालाची विक्री थांबत नाही, कारण मंदीतही कचरा गोळा करावाच लागतो.

पत्रा अंथरण्याचे कामही जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकांवर चढवतात आणि त्यांच्यामधून तापलेल्या पाचरीचे छोटे यंत्र चालवतात. यंत्र पुढे सरकते तसे दोन समांतर जोड तयार होतात आणि त्यांच्यामध्ये एक पोकळ नळी उरते. जोडाची दोन्ही टोके बंद करून या नळीत सुई खुपसतात, हवेचा दाब भरतात आणि काही मिनिटे दाबमापकाकडे पाहत थांबतात. काटा खाली आला, तर कोठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत जोड मंजूर होत नाही. पत्र्यात दोन ते तीन टक्के काजळी मिसळलेली असते. ती सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते, पण त्याच काळ्या रंगामुळे दुपारी पत्रा तापून फुगतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. म्हणून उष्ण प्रदेशात जोडकाम पहाटे किंवा रात्री करणे बरे.

कचऱ्याच्या पाठोपाठ खाणींचा क्रमांक लागतो. चिली आणि पेरूमधील तांबे व सोन्याच्या खाणींत, तसेच अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, कमी प्रतीच्या धातुकाचे ढीग रचून त्यांवर रसायन शिंपडतात आणि झिरपलेला द्रव गोळा करतात. त्या ढिगाखाली जिओमेम्ब्रेन नसेल, तर धातू आणि रसायन दोन्ही जमिनीत जातील. आटाकामाच्या वाळवंटात लिथियमचे खारे पाणी ज्या उथळ तळ्यांत उन्हावर आटवतात, त्यांच्या तळाशीही हाच पत्रा असतो. तेव्हा विजेवर चालणाऱ्या मोटारींची जी मागणी वाढते, तिचा एक धागा या कारखान्यांपर्यंत पोहोचतो.

चीनची वाट थोडी निराळी आहे. 1998 मध्ये यांगत्से नदीला आलेल्या महापुरानंतर नदीकाठच्या बांधांच्या मजबुतीसाठी तेथे हे साहित्य मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले, त्याच वर्षी त्याच्या वापराचे राष्ट्रीय तांत्रिक मानक निघाले, आणि पुढे महामार्ग व रेल्वेच्या अफाट कामांनी शांडोंगसारख्या प्रांतांत कारखान्यांची रांग लागली. आज चीन या मालाचा प्रचंड ग्राहक आहे आणि तेवढाच मोठा विक्रेताही.

जगभरातील एकूण मागणीचे आकडे मात्र सावधपणे वाचलेले बरे. अमेरिकेतील फ्रीडोनिया या बाजार-अभ्यास संस्थेने 2013 मध्ये असा अंदाज वर्तवला होता की, ही मागणी 2017 पर्यंत 5.2 अब्ज चौरस मीटरवर जाईल. एवढ्या मालाने गोव्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे 1.4 पट भूभाग झाकता येईल. पण कोणी चौरस मीटर मोजतो, कोणी डॉलर. कोणी नैसर्गिक काथ्याची आणि तागाची जाळी धरतो, कोणी वगळतो. आणि डॉलरमधला आकडा तर मालाइतकाच प्लास्टिकच्या दाण्यांच्या भावाने वरखाली होतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडून तेथील पेट्रोरसायन कारखाने बंद पडले, तेव्हा दाण्यांचे भाव भडकले. अशा वर्षी बाजार डॉलरमध्ये फुगलेला दिसतो, पण जमिनीवर पसरलेले कापड तेवढेच असते, किंबहुना कमीही. दरवर्षी अमुक टक्के वाढ होणार, असे छातीठोकपणे सांगणारे अहवाल हजारो डॉलरना विकले जातात. ते वाचताना एकक कोणते आहे, हे आधी पाहावे, असे आम्हाला वाटते.

आणखी एक गोष्ट वाहतुकीची आहे. न विणलेल्या कापडाचा गुंडाळा हलका, पण जागा खाणारा असतो. वजनाची मर्यादा गाठण्याआधीच कंटेनर भरून जातो, आणि भाड्याचा बोजा मालावर पडतो. म्हणूनच मोठ्या कंपन्या निर्यातीपेक्षा ठिकठिकाणचे कारखाने विकत घेणे पसंत करतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सोलमॅक्स कंपनीने 2017 मध्ये अमेरिकेची जीएसई घेतली आणि 2021 मध्ये टेनकाटेचा जिओसिंथेटिक्स विभाग व प्रोपेक्सचा याच क्षेत्रातील व्यवसायही घेतला.

(दृश्य : घाटकोपर येथील प्रयोगशाळा. कापडाचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत ताणला जात आहे.)

भारतात ही मागणी प्रामुख्याने सरकारी निविदांतून येते. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने 1,480 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी दिली, आणि 2023 मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने जिओटेक्स्टाइल गटातील 19 वस्तूंसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. मुंबईतील बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही संस्था, म्हणजे ‘बीटीआरए’, या साहित्याच्या चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे. पुणे आणि वाई येथे कारखाने असलेली गरवारे टेक्निकल फायबर्स मासेमारीच्या जाळ्यांच्या जोडीने हेही उत्पादन करते. सिक्कीममधील पाक्योंग विमानतळ 2018 मध्ये सुरू झाला. तेथे डोंगरउतारावर धावपट्टीसाठी सपाट जागा तयार करताना जिओग्रिडने बांधलेला मातीचा भराव 70 मीटरांहून अधिक उंचीवर नेण्यात आला.

याच्या उलट उदाहरणही दूरचे नाही. मे 2025 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कुरियाड येथे राष्ट्रीय महामार्ग 66 चा असाच भराव भिंतीसकट कोसळला. कोकणातून जाणारा मुंबई–गोवा रस्ता हाच महामार्ग आहे. कुरियाडला भराव उभा होता भातशेताच्या मऊ जमिनीवर, आणि वरचा भार पेलण्याची ताकद त्या जमिनीत नव्हती. भरावात जाळी कितीही चांगली घातली, तरी ती भरावाखालच्या जमिनीची तपासणी करत नाही. ते काम माणसांनी आधी करायचे असते. आपल्याकडे ठेकेदार कापड विकत घेतो तेही बहुधा ‘किती जीएसएम’ (चौरस मीटरला किती ग्रॅम) एवढेच विचारून, म्हणजे वजनावर. वास्तविक ते फाटते कधी, टोकदार दगडाने भोसकले जाते का, त्याची छिद्रे किती बारीक आहेत आणि त्यातून पाणी किती वेगाने जाते, हे प्रश्न वजनापेक्षा महत्त्वाचे आहेत.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाने हे साहित्य पाहिले असेल, तर ते शेततळ्यात. सांगोल्याच्या डाळिंबाला आणि नाशिकच्या द्राक्षांना उन्हाळ्यात जगवणारा ‘शेततळ्याचा कागद’ हा साधारण 500 मायक्रॉनचा जिओमेम्ब्रेन असतो, म्हणजे भरावभूमीच्या पत्र्याच्या एक तृतीयांश जाडीचा. भरावभूमीसाठी भारताच्या 2016 च्या घनकचरा नियमांत 90 सेंटिमीटर चिकणमातीवर 1.5 मिलिमीटर जाडीचा एचडीपीई पत्रा सांगितला होता. म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा अमेरिकेचा आणि आपला एकच होता. मुंबईचे देवनार डंपिंग ग्राउंड 1927 मध्ये वापरात आले, आणि त्या काळात असा पत्रा अस्तित्वातच नव्हता.

आकडा एकच असला, तरी हवामान एक नाही. अमेरिकेतील जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार, मातीखाली झाकलेल्या दीड मिलिमीटरच्या एचडीपीई पत्र्याचे आयुष्य 20 अंश सेल्सिअसला सुमारे 450 वर्षे भरते, तर 40 अंशांना ते 70 वर्षांच्या आसपास येते. कुजणारा कचरा स्वतःही उष्णता सोडतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शेततळ्याचा उघड्यावरचा कागद तर या हिशेबात बसतच नाही. त्याच संस्थेच्या मानकात एचडीपीई पत्र्यासाठी आणखी एक अट आहे : पत्र्याचा छोटा तुकडा 200 अंशांवर ऑक्सिजनमध्ये ठेवला, तर त्यातील संरक्षक रसायने किमान 100 मिनिटे टिकली पाहिजेत. जाडी मोजपट्टीवर पाहता येते, या चाचणीला प्रयोगशाळा लागते. निविदेत ही ओळ असली, तर स्वस्त आणि पुनर्वापरित प्लास्टिक मिसळलेला माल बहुधा पहिल्याच फेरीत बाद होतो. ती नसली, तर दोन्ही पत्रे गुदामात सारखेच काळे आणि सारखेच जाड दिसतात, आणि कंत्राट कमी भावाच्या पत्र्याला मिळते.